'वय झाले' हे रोगाचे नाव नव्हे

घरातले वडीलधारे माणूस "हल्ली नीट दिसत नाही" म्हणाले, की आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल, मोतीबिंदू पिकला असेल, नाहीतर "आता वय झाले, चालायचेच." पहिली दोन उत्तरे पुष्कळ वेळा बरोबर निघतात. तिसरे मात्र उत्तरच नव्हे. वय म्हणजे जन्मतारखेपासून मोजलेली वर्षे. जन्मतारखेमुळे कोणाची नजर जात नाही. ती जाते कुठल्या तरी आजाराने, आणि त्या आजाराला नाव असते. ते नाव शोधून काढणे म्हणजेच निदान.

आम्ही डॉक्टर नव्हे. कचेरीत कारकुनी करणारे आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीत चार कामे करणारे. नेत्रतपासणी शिबिर भरले की टेबलाशी बसून केसपेपर लिहिण्याचे काम बहुधा आमच्या वाट्याला येते. हे काम करताना एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. ज्यांना चष्मा लागतो किंवा ज्यांचा मोतीबिंदू निघतो, ती माणसे समाधानाने घरी जातात. पण बहुतेक शिबिरांत दोन-चार म्हातारी माणसे अशी भेटतात, की नंबर दिला तरी दिसत नाही, मोतीबिंदू काढून झाला तरी दिसत नाही. घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडले. शेजारी म्हणतात, नशिबाचा खेळ. आणि ते म्हातारे माणूस खाली मान घालून म्हणते, "राहू द्या, आता किती दिवस उरले?" आजचे सदर या माणसांसाठी आणि त्यांच्या मुला-सुनांसाठी आहे.

भिंग वेगळे, पडदा वेगळा

मोतीबिंदू हा डोळ्यातल्या भिंगाचा आजार आहे. भिंग गढूळ झाले, ते काढून नवे बसवले, की काम भागते. पण भिंगातून आत आलेला उजेड ज्यावर पडतो तो पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला, आतून अस्तर लावावे तसा असतो. जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्याशा पातळ पडद्यात उजेड टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी, आणि भर उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख. पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाचा लहानसा भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा वेचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, बसची पाटी वाचणे ही सारी कामे त्या टिकलीएवढ्या जागेची. बाकीचा पडदा आजूबाजूचे दाखवतो आणि संध्याकाळी वाट चालायला मदत करतो.

भिंग बदलले पण पडदा खराब असला, तर नजर येणार कशी? चांगल्या प्रोजेक्टरपुढे फाटका पडदा लावला तर चित्र फाटकेच दिसणार. म्हणून ऑपरेशनला दोष देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: "डॉक्टरसाहेब, मागचा पडदा कसा आहे?"

पडद्याच्या तक्रारी मोतीबिंदूपेक्षा निराळ्या असतात. मोतीबिंदूत सगळेच हळूहळू धुरकट होते. पीतबिंदू बिघडला तर सरळ रेघ वाकडी दिसते, समोरच्या माणसाचे कान-केस दिसतात पण मधला चेहरा पुसल्यासारखा वाटतो. पडद्याचा बाहेरचा भाग बिघडला तर माणूस दिवसा ठीक असते, पण दिवेलागणीला उंबरठ्याला ठेचकाळते. रक्तपुरवठा तुटला तर नजर एकदम, एका क्षणात जाते. पडदा सुटू लागला तर विजा चमकल्यासारखे होते, काळे ठिपके तरंगतात आणि बाजूने सावली सरकत येते. यातल्या शेवटच्या दोन तक्रारी असतील तर सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

दुर्मिळ आजार नेहमीच्या आजाराचा सदरा घालून येतो

उतारवयात पडदा बिघडण्याची नेहमीची कारणे मोजकी आहेत. मधुमेह, रक्तदाबामुळे पडद्यातली शीर तुंबणे, आणि वाढत्या वयाबरोबर होणारी पीतबिंदूची झीज. डॉक्टर आधी हीच तपासतात आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. काही कमी आढळणारे आजार वरवर अगदी यांच्यासारखेच दिसतात. घाईच्या ओपीडीत त्यांच्यावर नेहमीच्या आजाराचा शिक्का बसतो आणि मग पुढचा प्रत्येक कागद तोच शिक्का पाहून लिहिला जातो. कचेरीत काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पहिल्या पानावर नाव चुकले की अख्ख्या फाईलभर चुकत जाते.

आमच्या परिचयातल्या एका मावशींचे उदाहरण सांगतो. हातापायांचे सांधे सुजत म्हणून डॉक्टरांनी त्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची गोळी लिहून दिली. आराम पडला. पुढे डॉक्टरांकडे जाणे सुटले, चिठ्ठी मात्र सुटली नाही. तीच जुनी चिठ्ठी दाखवून १२ वर्षे गोळ्या घरी येत राहिल्या. मग वाचताना ओळीतली अक्षरे गळू लागली. वर्षभरात चष्मा तीनदा बदलला, पैसे गेले, अक्षरे काही परत आली नाहीत. शेवटी मोठ्या रुग्णालयात पडद्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" सुनेने पिशवीतून पाकीट काढून समोर ठेवले. नजरेच्या क्षेत्राची तपासणी झाली, पडद्याचा स्कॅन झाला आणि आजाराचे नाव कळले. औषधामुळे पडद्याला झालेली इजा.

या औषधाचा हिशेब साधा आहे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दिवसाचा डोस वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. मावशींचे वजन ४४ किलो. ४४ गुणिले ५ म्हणजे २२० मिलिग्रॅम. त्या घेत होत्या २०० च्या दोन गोळ्या, म्हणजे ४००. जवळजवळ दुप्पट. ठरल्या डोसमध्ये पहिल्या ५ वर्षांत धोका शंभरात एकाहून कमी असतो, पण २० वर्षांनंतर तो शंभरात जवळजवळ २० पर्यंत जातो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून औषध सुरू झाल्यावर वर्षाच्या आत एकदा पडदा तपासून घ्यावा, आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. शिवाय आशियाई रुग्णांत ही इजा पुष्कळदा पीतबिंदूच्या जरा बाहेरून सुरू होते. नुसता मधला भाग तपासला तर ती निसटते. हे डॉक्टरांना ठाऊक असते, पण रुग्ण ही गोळी घेतो हे त्यांना कळले तरच त्याचा उपयोग. आपल्या देशात हेच औषध काही वेळा मधुमेहासाठीही देतात, म्हणून साखरेच्या रुग्णांनीही आपले पाकीट वाचून पाहावे. मात्र हे वाचून कोणीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आमवात आणि इतर आजारांत हे उपयोगी औषध आहे. बंद करायचे की कमी करायचे, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे.

मावशींची गेलेली नजर परत आली नाही. नुकसान आणखी वाढू नये म्हणून सांध्याच्या डॉक्टरांनी औषध बदलले. आज त्या भाकरी थापतात, नातवंडांना ओळखतात. पेपर मात्र वाचता येत नाही. नेमाची तपासणी वेळेवर झाली असती तर कदाचित तोही वाचता आला असता.

औषधाची चौकशी किती महत्त्वाची, याचे आणखी एक उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या नेत्रतज्ज्ञांनी २०१८ मध्ये ६ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सर्वांच्या पडद्यावर एकाच तऱ्हेचे विचित्र डाग. सर्वजण मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यावर पेंटोसान पॉलिसल्फेट नावाचे औषध वर्षानुवर्षे घेत होते. असे डाग त्याआधी वयाच्या झिजेच्या किंवा आनुवंशिक आजाराच्या खात्यात जमा होत होते. औषधांची यादी पडद्याच्या चित्राशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कारण सापडले. २०२० मध्ये अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीपत्रकात डोळ्यांविषयीचा इशारा छापला गेला. नवा आजार सापडला तो नव्या यंत्राइतकाच एका जुन्या प्रश्नामुळे: काय काय औषध घेता?

साखर आहे, पण दोष साखरेचा नाही

मधुमेही माणसाचा पडदा बिघडला की सगळ्यांचे बोट साखरेकडे जाते. ते बहुतेक वेळा खरेच असते. पण मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया नावाचा एक कमी आढळणारा आजार आहे. याच्या दुसऱ्या प्रकारात साधारण पन्नाशी-साठीच्या सुमारास दोन्ही डोळ्यांच्या पीतबिंदूजवळच्या बारीक रक्तवाहिन्या पसरतात आणि आतल्या पेशी झिजू लागतात. हे रुग्ण तक्त्यावरची अक्षरे बऱ्यापैकी वाचतात, पण पुस्तक वाचताना अडखळतात. यातल्या पुष्कळांना मधुमेहही असतो, त्यामुळे सारा दोष साखरेवर जातो. मधुमेहाच्या सुजेवर जी इंजेक्शने किंवा लेसर उपयोगी पडतात, त्यांचा या आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत फायदा होत नाही. निदान बरोबर झाले तर रोजंदारीवरच्या घराचे हजारो रुपये वाचतात आणि डोळ्याला नाहक सुई लागत नाही. या आजारासाठी अमेरिकेत पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली ती २०२५ च्या मार्च महिन्यात. आपल्या आटोक्यात तो कधी येईल ते पुढे पाहू, पण आजाराचे नाव ठाऊक असलेल्यालाच त्याची वाट पाहता येते.

दुसरी गोष्ट. मधुमेह दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखाच धरतो. एका डोळ्यात खूप रक्तस्राव आणि दुसरा जवळजवळ स्वच्छ, असे असेल तर अनुभवी डॉक्टर मानेची तपासणी सांगतात. मानेतून मेंदूकडे व डोळ्याकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी अरुंद झाली की त्या बाजूचा डोळा उपाशी राहतो आणि पडद्यावर मधुमेहासारखे डाग उठतात. मानेची डॉपलर सोनोग्राफी केली की ते कळते. डोळ्यासाठी गेलेल्या माणसाचा पुढचा लकवा यामुळे टळू शकतो. म्हणून डॉक्टरांनी डोळ्यासाठी मानेची सोनोग्राफी किंवा रक्ताची तपासणी सांगितली, तर "दुखतंय कुठं आणि तपासतात कुठं" असे म्हणून उठून जाऊ नये.

कमी आढळतो, की कमी शोधला जातो?

पीतबिंदूची झीज समजून उपचार होतात असा आणखी एक आजार म्हणजे पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपथी. नाव भारी आहे, अर्थ सोपा. पडद्याच्या खालच्या थरात रक्तवाहिन्यांना द्राक्षाच्या घडासारखे फुगे येतात, ते पाझरतात किंवा फुटतात आणि पडद्याखाली रक्त साचते. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. लॉरेन्स यानुझ्झी व इतरांनी याचे वर्णन केले. सुरुवातीला हा मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांचा आजार समजला गेला. पुढे योग्य तपासणी पसरली, तेव्हा कळले की आशियातल्या लोकांत तो युरोपियनांपेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणजे दुर्मिळ कोणता म्हणायचा, हे कोणाचे डोळे किती नीट तपासले गेले यावरही अवलंबून असते. ज्या वस्तीत कोणी खानेसुमारी केलीच नाही, तिथली लोकसंख्या कागदावर शून्यच दिसणार!

हा आजार ओळखण्यासाठी हिरव्या रंगाच्या औषधाची खास तपासणी असते. ओळखला तर डोळ्यातील इंजेक्शने, आणि गरज पडल्यास विशिष्ट लेसर, यांनी पुष्कळांची नजर सावरते.

सूज आली, स्टेरॉइडच्या औषधाने उतरली, औषध थांबताच पुन्हा आली, असे साठीच्या पुढच्या माणसाच्या डोळ्यात वारंवार होत असेल, तर पडद्याचे डॉक्टर सावध होतात. आपल्या देशात अशा सुजेमागे क्षयरोग असू शकतो, त्यामुळे त्याची तपासणी होते. क्वचित त्यामागे लिम्फोमा नावाचा कर्करोग लपलेला असतो. स्टेरॉइडने तो काही दिवस दबतो आणि बरे वाटते, म्हणून फसगत होते. डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवाचा नमुना काढून तपासतात, मेंदूचा एमआरआय करतात, कारण हा आजार मेंदूतही पसरतो. इथे निदानावर डोळाच नव्हे, जीवही अवलंबून असतो. "तेच थेंब पुन्हा आणून टाकू" असे घरच्या घरी ठरवणे किती महागात पडू शकते, हे यावरून कळावे.

आणि एक आजार असा, की त्यात दिवसही मोजता येत नाहीत, तास मोजावे लागतात. पन्नाशीच्या पुढे, विशेषतः सत्तरीनंतर, कानशिलाच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. डोके दुखते, केस विंचरताना टाळू दुखते, घास चावताना जबडा थकून दुखतो, वजन उतरते, बारीक ताप राहतो. आणि मग एके दिवशी डोळ्याच्या नसेचा किंवा पडद्याचा रक्तपुरवठा तुटून एक डोळा विझतो. उपचार झाला नाही तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. आपल्या देशात हा आजार उत्तर युरोपाच्या मानाने कमी आढळतो, म्हणूनच तो चटकन आठवत नाही. ई.एस.आर. आणि सी.आर.पी. या रक्ताच्या साध्या तपासण्यांनी संशय बळकट होतो, आणि संशय दाट असेल तर डॉक्टर पुढच्या तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. जबड्याचे दुखणे आणि डोळ्याचे दुखणे यांचा संबंध म्हातारी कशी जोडणार? ती दाताच्या डॉक्टरला दात दाखवील आणि डोळ्याच्या डॉक्टरला डोळा. तेव्हा सोबत गेलेल्या माणसाने दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरपुढे सांगाव्यात.

तपासणीला घाबरू नये

डोळ्याच्या आतला पडदा जिवंत माणसात पाहता येऊ लागला तो जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे आणलेल्या उपकरणामुळे. १९६१ मध्ये नोव्होटनी आणि अल्व्हिस या अमेरिकेतल्या दोघा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेतून रंग सोडून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि १९९१ मध्ये अमेरिकेतच हुआंग, फुजिमोटो, स्वॉन्सन व सहकाऱ्यांनी ओ.सी.टी. नावाचा स्कॅन आणला. पुस्तक बाजूने पाहिले की पाने दिसतात, तसे पडद्याचे थर त्यात दिसतात.

आज मोठ्या रुग्णालयात पुढीलप्रमाणे तपासणी होते. प्रथम थेंब टाकून बाहुली मोठी करतात. अर्धा-पाऊण तास जातो, मग काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे अंधुक दिसते. म्हणून एकट्याने जाऊ नये, गाडी चालवू नये. बाहुली मोठी न करता, नुसते टॉर्चने पाहून "पडदा ठीक आहे" असे कोणी म्हणाले, तर ती तपासणी पुरी झाली असे समजू नये. ओ.सी.टी.ला डोळ्याला हातसुद्धा लागत नाही. हनुवटी टेकवून दिव्याकडे पाहायचे, काही मिनिटांचे काम. रंगाच्या तपासणीत हातात सुई टोचतात. पिवळा रंग वापरला तर काही तास कातडी पिवळसर दिसते, लघवी गडद पिवळी होते, काहींना मळमळते. याला कावीळ समजू नये. मात्र दमा, औषधाची किंवा आयोडिनची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगावे. कधी कधी पडदा दिसायला चांगला, तरीही नजर उतरत जाते. अशा वेळी पडद्यात निर्माण होणारी वीज मोजणारी ई.आर.जी. तपासणी करतात. काही आनुवंशिक आजार, आणि क्वचित शरीरात इतरत्र दडलेल्या कर्करोगामुळे पडद्यावर होणारा परिणाम, यातून कळतो.

आनुवंशिक म्हटले की आपण लहान मुलांचा विचार करतो. पण काही आनुवंशिक आजार चाळिशी-पन्नाशीनंतर डोके वर काढतात. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला रातांधळेपणा होता का? नात्यात लग्न झाले आहे का?" मामाच्या, आत्याच्या मुलांशी लग्ने आपल्याकडे होत आली आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही, खरे सांगावे. आजोबांचे निदान झाले तर नातवंडांचे डोळे वेळेवर तपासता येतात.

म्हातारीला माणसे दिसतात, ती भुते नव्हेत

पडदा बराच अधू झाला की काही वृद्धांना नसलेली चित्रे दिसू लागतात. अंगणात मुले खेळताना दिसतात, भिंतीवर वेलबुट्टी, दारात फेटेवाली माणसे. ती बोलत नाहीत, नुसती दिसतात. घरात कुजबुज सुरू होते, कोणी भगताकडे न्यायला सांगतो, कोणी म्हणतो डोके फिरले. वाचकहो, याचे उत्तर जुने आहे. जिनिव्हाचे विचारवंत शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकिगत लिहिली. नव्वदीच्या घरातले आजोबा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या, नजर अधू, बुद्धी शाबूत. त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत, आणि त्या खऱ्या नाहीत हेही त्यांना कळत असे. या अवस्थेला आज बोने यांचेच नाव आहे. डोळ्याकडून येणारी खबर थांबली की मेंदू रिकाम्या जागी आपली चित्रे भरतो. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच नव्हे. अशा वेळी अंगारा-धुपाऱ्यात एक पैसाही घालू नये. बाधेच्या नावाने फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. म्हातारीला जवळ बसवून सांगावे, "आई, हे डोळ्यामुळे होते, तुला काही झालेले नाही." आणि पडद्याच्या डॉक्टरांकडे न्यावे. आवाजही ऐकू येत असतील, माणूस भांबावले असेल किंवा ताप असेल, तर मात्र फिजिशियनला दाखवावे.

घरच्यांचे काम

निदान डॉक्टर करतात, पण त्याचे अर्धे साहित्य आपल्या घरात असते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, महिन्यातून एकदा घरातल्या साठीच्या वरच्या माणसांची घरच्या घरी परीक्षा घ्यावी. भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन त्यासाठी पुरेत. जवळचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा तळहाताने झाकून मधल्या तारखेकडे पाहायला सांगावे. रेघा वाकड्या दिसतात का? एखादा चौकोन गायब आहे का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा घेऊ नये, कारण चांगला डोळा बिघडलेल्याचे काम सांभाळून घेतो आणि महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

दुसरी, डोळ्यांची एक वेगळी फाईल करावी. जुन्या चष्म्याचे नंबर, ऑपरेशनचा कागद, स्कॅनचे फोटो, साखरेचे आणि बीपीचे आकडे तारीखवार लावावेत. रुग्णालयात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. सांध्याच्या, क्षयाच्या, दुकानातून विचारून आणलेल्या, वैद्याच्या पुड्यासुद्धा.

तिसरी, घरून निघण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. कोणता डोळा? केव्हापासून? एकदम की हळूहळू? दिवसा जास्त की रात्री? आणि डॉक्टरांना एक प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारावा: "या आजाराचे नाव काय, ते कागदावर लिहून द्याल का?"

चौथी, पैशाअभावी मागे राहू नये. मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे नेत्रविभाग आहेत. पडद्याची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून जावे, म्हणजे एक खाडा वाचतो. खर्चाची अडचण असल्यास रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. कोणता उपचार बसतो आणि कोणती तपासणी बसत नाही, हे योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

काही आजारांवर आज इलाज नाही, हे आम्ही लपवणार नाही. तरीही नाव कळण्याचा उपयोग आहे. निरुपयोगी औषधांवरचा खर्च थांबतो, उरलेली नजर कशी जपायची ते कळते, मोठे दाखवणारी भिंगे मिळतात, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो, आणि मुला-नातवंडांना वेळेवर सावध करता येते.

शेवटी एकच सांगणे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने गिरणीत, झाडूखात्यात, बांधकामावर, परक्यांच्या घरी राबून आपल्याला शिकवले. स्वतःच्या दुखण्याविषयी न बोलण्याची त्यांना सवय लागली आहे. मुलाचा खाडा होईल, सुनेला त्रास होईल, म्हणून ती माणसे चाचपडत चालतात पण तक्रार करत नाहीत. त्यांनी सांगण्याची वाट पाहू नये. या रविवारी कॅलेंडर भिंतीवरून काढा, त्यांच्यासमोर धरा, एक डोळा झाका आणि विचारा. उत्तर काहीही आले, तरी "वय झाले" असे म्हणून कॅलेंडर पुन्हा भिंतीला टांगू नका.